दारमीचे दात

दारमीने आयुष्यात तीन माणसांची हाडं मोडली. पहिला तिचा नवरा, दुसरा गिरणीचा राखणदार आणि तिसरा तिच्या पोटचा मुलगा. पहिल्या दोघांबद्दल तिला कधी पस्तावा झाला नाही. तिसऱ्याचं विचाराल तर ती बाजूला थुंकते आणि म्हणते, "पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. आता विचारणाऱ्याने आपला रस्ता धरावा."

गुजी लोकांच्या डोंगरात कॉफी नुसती पीत नाहीत, तिचा बळी देतात. जिथे खरं तर बैल कापायला हवा, पण रक्त सांडायचं नाही, तिथे कॉफीची सुकी फळं सालीसकट घ्यायची. एकेका फळाचं टोक दातांनी चावून उडवायचं. तीच त्याची मान. मग ती फळं उकळत्या लोण्यात सोडायची. टोक उडवलं नाही तर फळ मडक्यात बंदुकीच्या गोळीसारखं फुटतं आणि कुणाचा तरी डोळा घेऊन जातं. फुगलेली, लोणी प्यालेली फळं भाजलेल्या सातूत मिसळून सगळ्यांनी एका लाकडी परातीतून खायची. बाळ जन्मलं तर खायची, लग्न ठरलं तर खायची आणि माणूस मारला गेला तर, मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घराने मिळून खायची. त्यानंतर हत्यार उचलायचं नाही.

हे टोक चावायचं काम बायकांचं. दारमी सातव्या वर्षापासून ते करत आली होती. तिच्या आईने तिला शिकवलं ते असं: हातात एक फळ दिलं, चावायला लावलं आणि तिने वाईट फळ न थुंकता गिळलं की मानेवर फटका. जमिनीवर वाळलेलं फळ मातीची चव धरतं. पोत्यात ओलं राहिलेलं फळ बाहेरून तपकिरी, टणक, देखणं दिसतं. आत मात्र बुरशीचं पांढरं जाळं असतं. ते डोळ्याला दिसत नाही, नाकालाही वेळेवर कळत नाही. दाताला कळतं. फटके खाऊन खाऊन दारमीची जीभ अशी तयार झाली की वाईट फळ लागलं की तिचा डावा डोळा आपोआप मिटायचा. गावातल्या बायका तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या डोळ्याकडे बघायच्या.

नवऱ्याचं नाक याच डोळ्यापायी मोडलं. दिराच्या लग्नाला बारिसोने अंगणात, शेळ्यांच्या मुतात वाळवलेली फळं आणली. दारमीने भरल्या पाहुण्यांत पहिलंच फळ थुंकलं.

"माझ्या घरची कॉफी थुंकतेस?" म्हणून बारिसोने तिच्या थोबाडीत दिली.

"घरची कसली? शेळीची आहे ही," म्हणत तिने लोणी ढवळायचा दांडा त्याच्या नाकावर उतरवला.

लग्न रीतसर पार पडलं. नवरदेवापेक्षा मोठ्या भावाच्या तोंडाला जास्त रक्त होतं, एवढंच. पण पुढच्या हंगामात बारिसोने मुकाट्याने बांबूची मचाणं बांधली, फळं त्यावर पसरली आणि दिवसातून चारदा हाताने उलटली. मरेपर्यंत तो लोकांना सांगायचा, "नाक वाकडं झालं, पण माल सरळ झाला."

दोन मुलं मागे ठेवून बारिसो तापाने गेला. थोरला एलेमा, धाकटा गुयो. एलेमा बोलका, हसरा, बापासारखा मचाणांपाशी रमणारा. गुयो आईवर गेलेला. आधी हात, मग तोंड.

आता टरफलांकडे येऊ, कारण रक्त त्यांच्यावरूनच सांडलं.

गिरणीत सुकी फळं भरडली की बी एकीकडे पडते, टरफल दुसरीकडे. बी परदेशी जाते. टरफल पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं. गिरणीमागे त्याचा ढीग पडायचा आणि बायका टोपल्या भरून न्यायच्या. भाजून, मीठ टाकून, दुधात उकळून प्यायच्या. दूध नसेल तर नुसत्या पाण्यात. वर्केच्या, म्हणजे केळीसारख्या झाडाच्या गाभ्याच्या, आंबवलेल्या भाकरीला तोंडी लावायला दुसरं काही नसेल तेव्हा त्या एका वाडग्यावर बाई दुपारपर्यंत डोंगर चढते. त्यात ताकद आहे हे सांगायला कुणी शहाणा यावा लागला नव्हता. त्याचे नियमही बायकांनीच घातलेले: मचाणावरचं टरफल माणसाला, जमिनीवरचं शेताला. पोटुशीला अर्धाच वाडगा. उन्हं कलल्यावर कुणालाच नाही, नाहीतर रात्रभर छातीत ढोल वाजतो. ज्याला बुरशीचा वास, ते खड्ड्यात. शेळीलासुद्धा घालायचं नाही.

मग परदेशी लोकांना टरफलाची चव कळली. तिकडे त्याचा चहा पितात म्हणे, पीठ करून पावात घालतात म्हणे. गिरणीचा मालक उदेसा, ज्याने आयुष्यात त्या ढिगाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याने एका सकाळी ढिगाभोवती पत्रे ठोकले आणि कुलूप लावलं.

त्याआधी गावात हिरुत नावाची एक तपासणीवाली बाई आली होती. तिने दारमीच्या टोपलीतून आणि उदेसाच्या गोदामातून टरफलं पुड्यांत भरून नेली. दोन महिन्यांनी कागद घेऊन आली आणि दारमीच्या चुलीपाशी बसून तिने तो वाचून दाखवला. पुढच्या बाजूला चांगलं लिहिलं होतं: टरफलात चोथा भरपूर, क्षार भरपूर, आणि अँटिऑक्सिडंट म्हणतात ते, शरीराला आतून गंज चढू न देणारे घटक, तेही भरपूर. मागच्या बाजूला दुसरं होतं: उदेसाच्या गोदामातल्या ओल्या पोत्यांत बुरशी, आणि त्या बुरशीचं विष मोजमापाबाहेर. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं. भाजल्या-उकळल्याने पुरतं मरत नाही.

"म्हणजे माझ्या आईने मानेवर जे मारलं, ते तू शहरात जाऊन शिकलीस," दारमी म्हणाली.

हिरुत हसली. "हो मावशी. फक्त मला फटके कमी पडले."

तोच कागद हिरुतने उदेसालाही दिला. कायद्याने द्यावाच लागतो. उदेसाने काय केलं? त्याने तो गिरणीच्या भिंतीला खळ लावून चिकटवला. चांगली बाजू बाहेर, वाईट बाजू भिंतीकडे. बाजाराच्या दिवशी तो त्याखाली उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि तीच ओली, कुबट टरफलं आसपासच्या गावांना विकायचा. जी काल फुकट होती, ती. खोटं एक अक्षर बोलला नाही भडवा. अर्धाच कागद वाचला. जगात जेवढी माणसं खोट्याने मेली, त्याहून जास्त अर्ध्या कागदाने मेली असतील.

माघातल्यासारखी कोरडी थंडी होती त्या दिवशी. दारमी, एलेमा आणि अकरा बायका गिरणीवर गेल्या. राखणदाराने दारमीच्या टोपलीला लाथ मारली. दारमीने दगडाने त्याचा जबडा फोडला. बायका पत्रे उपसत होत्या तेवढ्यात एलेमा भिंतीपाशी गेला.

"मागची बाजू वाचूया ना उदेसाकाका! तीही फुकटच आहे!" असं हसत ओरडून त्याने कागद नखांनी खरवडायला घेतला. अर्धा त्याच्या हातात आला, अर्धा भिंतीला राहिला.

उदेसाचा पुतण्या हलाके मागून आला. त्याच्या हातात टरफलं ओढायचं फावडं होतं. तो नंतर सांगायचा की दंडावर मारायचं होतं. फावडं कानामागे बसलं. एलेमा भिंतीला टेकून खाली सरकला. दारमीने वळून पाहिलं तेव्हा तो बसलेला दिसला. हातात कागदाचा तुकडा, चेहऱ्यावर अजून अर्धं हसू. तिने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

पुढचे तीन महिने गावाने माणसाचं तोंड पाहिलं नाही. गुयोने चुलत्यांना घेऊन गिरणीचं छप्पर जाळलं. उदेसाच्या माणसांनी गुयोच्या चुलत्याचा पाय कुऱ्हाडीने तोडला. एका पहाटे हलाकेच्या चार गाईंच्या मागच्या पायांच्या शिरा कापलेल्या सापडल्या. त्या हंबरत नव्हत्या, नुसत्या बसून बघत होत्या. हलाकेच्या भावाला ओढ्याकाठी गाठून भाल्याच्या दांड्याने इतकं मारलं की त्याला आईचं नाव आठवेना. पोरं पाण्याला जायची बंद झाली. आणि प्रत्येक वेळी गुयो रक्ताने भरून घरी आला की दारमी त्याच्या अंगावरून हात फिरवायची. त्यात त्याचं स्वतःचं किती आहे, हे मोजायला.

"एक गेला," ती म्हणायची. "तू राहिलास. एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"मग हलाकेही एकच आहे. त्याला जाऊ दे," गुयो म्हणायचा.

शेवटी पंच मध्ये पडले. त्यांच्यातला जुना जिलो, ज्याच्या शब्दावर डोंगर चालतो, त्याने दोन्ही घरं धरून बसवली. खुनाच्या भरपाईची गुरं ठरली. दिवस ठरला. मोठ्या पिंपरीच्या झाडाखाली कॉफीचा बळी द्यायचा. रीत अशी की फळं मारणाऱ्याच्या घरून यायची. निम्म्या फळांची टोकं त्या घरच्या बाईने चावायची, निम्म्यांची मेलेल्याच्या आईने. दोन्ही घरांचे दात एकाच बळीत पडले पाहिजेत. आणि मेलेल्याच्या आईने फळ थुंकलं, तर तिने तह थुंकला.

निघताना गुयोने कमरेला सुरा खोचला. दारमीने पाहिलं.

"तिथे हत्यार चालत नाही रे."

"चालणार नाहीच. तू थुंकली नाहीस तर."

"मी थुंकणार नाही."

"आणि थुंकलीस तर मला सांगू नकोस, आये. मी बघत असेन."

दारमीने वाटेत ठरवून टाकलं होतं. माती निघो, कीड निघो, उदेसाने खरंच विष कालवलेलं निघो, ती गिळणार. एक मुलगा जमिनीत आहे. दुसरा जमिनीवर ठेवायचा तर एवढं गिळावं लागणार. हातात तिची लग्नातली काठी होती, आईने दिलेली, सरळ, लोण्याने चोपडलेली. ती काठी आडवी धरून बाई मध्ये उभी राहिली की पुरुष हात आवरतात. गुजीत जन्मलेला कुठलाही.

पिंपरीखाली दोन्ही बाजू बसल्या. मध्ये चूल, मडकं, बाजूला सातू कुटायचं उखळ आणि मुसळ. उदेसाची बायको शुने हिने दुधी भोपळ्याच्या तुंब्यातून परातीत फळं ओतली. निम्म्यांची टोकं घरूनच उडवून आणलेली. दारमीने न चावलेल्यातलं एक उचललं आणि चावलं.

कबर उघडल्यासारखा वास तिच्या टाळूला जाऊन भिडला.

ती थुंकली नाही. फळ गालात सरकवलं, ओठ घट्ट मिटले, दुसऱ्या फळाकडे हात नेला. पण चाळीस वर्षं जे अंगात मुरलं होतं, ते तिला विचारून थोडंच होणार? तिचा डावा डोळा मिटला.

गुयो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता.

तो उठला तो सुऱ्यासकटच उठला. पहिल्या झेपेत जिलो आडवा झाला; म्हाताऱ्याचा ओठ दगडावर फुटला. दुसऱ्या झेपेत सुरा हलाकेच्या गालावरून कानापर्यंत गेला, आणि गाल पिकल्या फळासारखा उघडला. दोन्हीकडचे पुरुष उभे राहिले. कुणी दगड उचलला, कुणी चुलीतलं जळतं लाकूड. दारमी काठी आडवी धरून मध्ये घुसली. सगळे थबकले. एक गुयो थबकला नाही. त्याने आईची काठी ओलांडली. हलाके पाठीवर पडला होता आणि गुयो त्याच्या छातीवर बसत होता.

काठी मान राखणाऱ्यांसाठी असते. दारमीने ती टाकली आणि उखळातलं मुसळ उचललं.

सुरा वर गेला होता. तिने मनगटावर मारलं, सगळ्या जोराने, सातू कुटतात तसं. हाड मोडल्याचा आवाज पिंपरीखाली सगळ्यांनी ऐकला. सुरा सातूत पडला. गुयो किंचाळला, वळला, डावा हात उगारला. तिने मुसळ त्याच्या खांद्यापाशी धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात हलत नव्हता. गुयोने हात खाली केला.

ज्या बाईचा मुलगा मारला गेला, तिने मारणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याचा हात मोडला. उगारलेले दगड हळूहळू खाली आले.

तेव्हा दारमीने मुसळ खाली टाकलं, तोंडात बोट घातलं आणि गालातलं फळ काढून तळहातावर ठेवलं.

"सगळ्यांनी बघा. मी थुंकले नाही." ती चालत उदेसापाशी गेली. त्याच्या परातीतलं दुसरं फळ उचलून त्याच्या ओठांवर दाबलं. "चाव."

"दारमी, हे बघ..."

"चाव! की मुसळ आणू?"

उदेसाने चावलं. चघळलं. इकडे तिकडे पाहिलं. "चांगलं तर आहे," तो म्हणाला.

आधी एक म्हातारी हसली. मग बायकांची सगळी रांग. "अगं, तीस वर्षं कॉफी विकतो आणि कॉफी कशी लागते ते माहीत नाही!" "त्याला फक्त वजन कळतं गं, चव नाही!" रक्ताचा वास अजून हवेत होता आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आणि तू गं शुने?" दारमी वळली. "तू निम्मी चावलीस ना? तुझ्या जिभेला काय झालं होतं? मुद्दाम आणलीस?"

शुने रडायलाच लागली. "मुद्दाम नाही गं ताई, आईची शपथ. मला कुठे कळलं? मी चावलीच नाहीत." तिने ओठ वर करून दाखवला. पुढच्या दातावर नवीन सोन्याचं टोपण होतं. "निघेल म्हणून हे म्हणाले... मी नखं कापायच्या कातरीने उडवली टोकं."

गोदामातल्या ओल्या पोत्यांतली फळं. कातरीने कापलेली. त्या घरातल्या एकाही माणसाची जीभ त्यांना लागली नव्हती.

जिलो फुटका ओठ पुसत उठला. "न चावलेली कॉफी म्हणजे बळी नव्हे," तो म्हणाला. "बळी नाही तर तह नाही, आणि तह नाही तर तह मोडलाही नाही. आतापर्यंत इथे फक्त मूर्खपणा झाला. आता सुरू करू."

"याची फळं नकोत," दारमी म्हणाली. "माझ्याकडे आहेत."

ती घरी गेली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेली पिशवी काढून आणली. एलेमाने शेवटच्या हंगामात तोडलेली, मचाणावर स्वतःच्या हाताने उलटलेली फळं. तो गेल्यापासून तिने त्यांना हात लावू दिला नव्हता. कधीकधी नुसती पिशवी हुंगायची. तिने ती परातीत ओतली आणि निम्मी हलाकेच्या पुढ्यात लोटली.

"तू चाव."

हलाकेच्या गालाला कुणीतरी फडकं दाबलं होतं. "हे बायकांचं काम आहे," तो पुटपुटला.

"आणि माणूस मारणं कुणाचं काम आहे?"

तो चावू लागला. फाटक्या गालाने, रक्त आणि लाळ गाळत. पहिलं फळ त्याने चुरडलं. दारमीने त्याच्या मानेवर फटका दिला, तिची आई द्यायची तसा. "टोक, मेल्या! नुसतं टोक." दुसरं फळ नीट जमलं. तो थांबला. जिभेवर आलेली चव त्याने ओळखली असावी, कारण तो मान खाली घालून म्हणाला, "गोड आहे."

"त्याच्या हातची आहे," दारमी म्हणाली. "चावत राहा."

लोण्यात फळं फुगली. एकही फुटलं नाही. गुयोचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला होता. जिलोने त्याला भरवलं आणि त्याने शिव्या देत देत गिळलं.

जिलोने त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवल्या, पण मागणी दारमीची होती. उदेसाच्या गोदामातली सगळी बुरसट टरफलं खड्ड्यात पुरायची. आणि चांगली टरफलं पुन्हा बायकांची. आणि दारमीच्या मचाणावरची फळं उलटायला वर्षभर हलाकेने यायचं.

"अगं, त्यात ताकद आहे, कागदावर लिहिलंय!" उदेसा कळवळला.

"ताकद आहेच. कुणी नाही म्हटलं? विषही आहे. कागद उलटा करून वाच." तिने पदराच्या गाठीतून अर्धा फाटलेला तुकडा काढला. त्याच्या कोपऱ्यावर वाळलेलं काळं रक्त होतं. मागची बाजू त्यावर शाबूत होती. जिलोच्या नातवाने ती मोठ्याने वाचली. उदेसा ऐकत उभा राहिला. जायला जागा नव्हती.

गुयोचं मनगट वाकडंच जुळलं. उजवी मूठ अजून मिटत नाही. वर्षभर तो आईशी बोलला नाही. ती रोज सकाळी टरफलाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवायची, तो डाव्या हाताने उचलायचा, रिकामा करून आपटायचा. हलाके मचाणांपाशी आला की गुयो उठून रानात निघून जायचा. नंतर नंतर दूर दगडावर बसून बघायला लागला. मग एकदा तिथूनच ओरडला, "अरे गाढवा, कडेचीही उलट!"

पुढच्या तोडणीनंतर एका दुपारी त्याने डाव्या हाताने एक टोपलं ओढत आणलं आणि आईच्या पुढ्यात आदळलं. मचाणावरची पहिली सुकी फळं होती.

"बघ," तो म्हणाला. वर्षभरात आईशी पहिला शब्द.

दारमीने एक उचललं, चावलं. गुयो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

तिचे दोन्ही डोळे उघडे होते.